जिभेवरची माती

येत्या १७ सप्टेंबरला बिदरजवळच्या नौबादहून सकाळची उदगीरची बस धरली, तर दुपारच्या आत एका उत्सवातून दुसऱ्या उत्सवात पोचता येईल. इथं झेंडावंदन ‘कल्याण कर्नाटक उत्सवा’चं, तिथं ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिना’चं. तारीख एकच आणि आठवणही एकच. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाचव्या दिवशी निजामाची राजवट कोसळली. त्या दिवशी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके आमच्याच बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा ते मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. आजीचं माहेर होतं तिथंच राहिलं, पण ते परराज्यात गेलं.

राज्याचं नाव बदललं आणि पुढं प्रदेशाचंही. साठहून अधिक वर्षं आम्ही ‘हैदराबाद-कर्नाटक’ होतो, म्हणजे बुडालेल्या एका संस्थानाच्या नावानं ओळखला जाणारा कानडी मुलुखाचा कोपरा. २०१९ च्या १७ सप्टेंबरला सरकारनं या प्रदेशाला ‘कल्याण कर्नाटक’ म्हटलं. बसवकल्याणच्या नावावरून आलेलं हे नाव मला मनापासून आवडतं. कुणाच्या तरी राज्याचं शेपूट असणं आणि बाराव्या शतकातल्या कल्याणनगरीचे वारस असणं, यात फरक आहे. पण नाव सरकारी कागदावर एका दिवसात बदलतं, माणसं स्वतःला मनात ज्या नावानं हाक मारतात ते तसं बदलत नाही. आमच्या मनातलं नाव ‘मागास’ हे आहे. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत ३७१-जे हे कलम आलं. त्यामुळं या जिल्ह्यांतल्या मुलांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या. त्या मिळायलाच हव्या होत्या, त्यासाठी इथली माणसं वर्षानुवर्षं भांडली. तरीही प्रत्येक अर्जासोबत, प्रत्येक दाखल्यावर जो शब्द आपण स्वतःबद्दल लिहून देतो, तो कागदावरच राहतो असं मला वाटत नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. २००४ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. मुलांची जात जाहीर केली नाही, तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. दुसऱ्या गटांतल्या मुलांचं नाव, गाव आणि जात आधी सर्वांसमोर वाचून दाखवली आणि मग कोडी दिली. तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या घसरली. डोकी तशीच, पेन्सिली तशाच, कोडी त्याच जातीची. मध्ये फक्त एक ओळख मोठ्यानं उच्चारली गेली. ही गोष्ट वाचल्यापासून मला आमच्या भागातले लिहू पाहणारे, गाऊ पाहणारे, काही घडवू पाहणारे तरुण वेगळे दिसू लागले. त्यांच्यासमोर रोज कोण काय वाचून दाखवतं?

माझ्यासमोर जे वाचलं गेलं, ते सांगतो. एकोणीस वर्षांचा असताना मी एक कथा लिहून मोठ्या शहरातल्या एका कथास्पर्धेला पाठवली होती. काही महिन्यांनी हस्तलिखित परत आलं. ‘काय करूलालास?’ या आईच्या वाक्याखाली तांबडी रेघ होती. ‘येळवस’ या आमच्या सणाच्या नावाखाली रेघ होती. गल्लीत आलेल्या फळवालीशी आई दखनी उर्दूत बोलते, तिथं तर अख्ख्या परिच्छेदावर काट मारली होती. समासात लिहिलं होतं, ‘भाषा अशुद्ध. प्रथम प्रमाण मराठी शिकावी.’ त्या परीक्षकांबद्दल आज मनात राग नाही, त्यांनी त्यांना शिकवलं गेलं तेच केलं. पण पुढची सहा वर्षं मी पुण्याच्या मराठीत लिहीत होतो आणि माझ्या कथांतली आई ‘काय करतो आहेस?’ असं विचारू लागली होती. तशी ती जन्मात कधी बोलली नव्हती. कथांमधून ती हळूहळू दिसेनाशीच झाली. आपल्याला सुचत नाही, असं मला वाटायचं. खरं तर जिच्याकडून सुचायचं, तिलाच मी बोलायची बंदी केली होती.

सुचणं ही एकट्या माणसाच्या डोक्यातली वीज आहे, असा समज आपल्याकडं पक्का आहे. माझा अनुभव वेगळा आहे. माणूस ज्या घोळक्यात वाढतो तो घोळका स्वतःला काय समजतो, कशाला मान देतो, कशाची लाज बाळगतो, यावर त्यातल्या माणसांना काय सुचेल हे फार ठरतं. यासाठी लांब जायला नको. नौबादपासून जवळच, जुन्या बिदरमध्ये, बिदरी या धातूवरच्या नक्षीकामाचे कारखाने आहेत.

कारखाना म्हणजे एक खोली. जस्तात थोडं तांबं मिसळून मातीच्या साच्यात गुलदान किंवा सुरई ओतून घेतात. कानसून-घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचं पाणी लावून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे पोलादी टोकानं काढलेलं नक्षीकाम डोळ्यांना दिसतं. छिन्नीनं रेघ कोरायची आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. हे काम मी एकदा अख्खी दुपार बसून पाहिलं आहे. उस्ताद दोन्ही पायांच्या पंजांत वस्तू धरून बसले होते, हातोडीचा आवाज इतका हलका की जणू कुणी दाणे निवडतंय. तार बसवून झाली की पुन्हा घासाई. आणि इथं एक गोष्ट घडते, जी पाहिल्याशिवाय कळत नाही. घासाईनंतर जस्तही पांढरट आणि चांदीही पांढरट, त्यामुळं सगळी नक्षी नाहीशी होते. इतक्या दिवसांचं काम समोर आहे आणि दिसत काहीच नाही.

मग माती येते. बिदरच्या किल्ल्यातली, जुन्या इमारतींच्या आडोशाची, जिला वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही अशी माती. ती नवसागराबरोबर पाण्यात उकळायची, गरम केलेली वस्तू त्यात घालायची आणि चोळायची. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच राहते आणि नक्षी अंधारातून बाहेर यावी तशी उमटते. कुठली माती चालेल हे ठरवायला कुठलं उपकरण नाही. उस्तादांनी चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, क्षणभर थांबले आणि मान हलवली. ही नको. दुसऱ्या पुडीतली उचलली. हां, ही.

मी तेव्हा त्यांना शिकल्यासवरल्या माणसाचा प्रश्न विचारला, ‘यात तुम्ही स्वतःचं नवीन काय केलंत?’ त्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी गुलदान माझ्या हातात दिलं आणि तारेवरून नख फिरवायला सांगितलं. नख कुठंही अडलं नाही. त्यांच्या लेखी निर्मिती म्हणजे ते. अशर्फीची बुटी त्यांच्या आज्यानंही काढली होती आणि पणज्यानंही, त्यात कमीपणा कसला? आपण ज्याला कल्पकता म्हणतो ती ‘आजवर कुणी केलं नाही’ यात मोजतो. त्या खोलीत ती ‘हात किती साफ’ यात मोजत होते. दोन वेगळी मापं आहेत, आणि ज्या घोळक्याचं जे माप असेल तसं त्याच्या हातून घडतं. २०२३ मध्ये बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या मापालाही देशानं मान दिला म्हणून आम्हा सर्वांना आनंद झाला. या मापाची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. घराण्याची नक्षी म्हणून जपलेली गोष्ट हळूहळू पिंजरा होते आणि मग सत्कार समारंभात द्यायची स्मृतिचिन्हं ओतण्यात हात झिजतात. मुलं दुसरं काम शोधतात. मान नसलेल्या कसबात तरुण राहत नाही, मग ते कसब कितीही जुनं असो.

बिदरपासून बसवकल्याण फार लांब नाही. बाराव्या शतकात तिथं जे घडलं, त्याला मी या साऱ्या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर मानतो. कलचुरी बिज्जळाच्या राज्यात भांडारी असलेल्या बसवण्णांच्या भोवती, अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली अनुभव मंटप, म्हणजे शरणांची, शिवभक्तांची सभा, भरला. त्यात कोण होतं? मडिवाळ माचिदेव धोबी. अंबिगर चौडय्या नावाडी. नुलिय चंदय्या दोर वळणारा. आयदक्की लक्कम्मा आणि तिचा नवरा मारय्या, सांडलेले तांदूळ वेचून जगणारे. हरळय्या चांभार. अक्कमहादेवी तर होतीच, आणि तिच्याशिवाय वचनं रचणाऱ्या आणखी कितीतरी बाया. एका पिढीत, एका गावाच्या आसऱ्यानं, इतक्या थरांतली इतकी माणसं कवी झाली, असं भारतात फार थोड्या वेळा घडलं आहे.

हे एकाएकी झालेलं प्रतिभेचं पीक नव्हतं. दोर वळणाऱ्याची प्रतिभा आदल्या पिढीतही असणारच. बदललं ते त्याचं स्वतःबद्दलचं मत, आणि त्याच्या संगतीतल्या माणसांचं त्याच्याबद्दलचं मत. ‘कायक’ हा शब्द आला. पोटासाठी करायचं काम म्हणजेच पूजा, असं ठरलं. ज्याच्या हातात पूजा आहे त्याच्या तोंडी वाणी का नसावी? मग संस्कृत नको, छंदाचं बंधन नको, घाटावर आणि चुलीपाशी बोलतात ती कन्नड चालेल, असंही ठरलं. वचनाच्या शेवटी मुद्रिका, म्हणजे सही, असते. बसवण्णांनी कूडलसंगमदेवाचं नाव घातलं, अक्कानं चेन्नमल्लिकार्जुनाचं. नावाडी चौडय्यानं स्वतःचंच नाव घातलं, तेही ‘अंबिगर’ म्हणजे नावाडी या धंद्याच्या नावासकट. ज्या शब्दानं त्याला हिणवलं जात असेल, तोच त्यानं देवाच्या जागी बसवला. कल्याण कर्नाटकाच्या झेंड्याखाली उभं राहताना मला त्या सहीची आठवण येते.

आणि तेवढ्याच प्रामाणिकपणे पुढचंही आठवायला हवं. ११६७ च्या सुमारास चांभार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचं लग्न झालं, तेव्हा त्या दोघांच्या बापांना देहान्त शासन झालं. शरण देशोधडीला लागले. तोवर कवितेत जे सहन केलं होतं, ते सोयरिकीत सहन झालं नाही.

मराठी वाचकाला इथं नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, चोखामेळा, जनाबाई आठवतील, ते पंढरपूरचं सगळं तो जाणतोच. मला आमच्या बाजूची, कमी बोलली जाणारी माणसं आठवतात. घराघरात सप्ताहानं वाचलं जाणारं गुरुचरित्र ज्या सरस्वती गंगाधरांनी लिहिलं, त्यांची घरची भाषा कन्नड होती. मला महाराष्ट्र भाषा येत नाही, असं त्यांनी ग्रंथातच सांगून टाकलं आहे. आणि तरी लिहिलं. त्यांच्या ग्रंथाचं हृदय असलेलं गाणगापूर आजही कलबुर्गी जिल्ह्यात आहे. ‘प्रथम प्रमाण मराठी शिकावी’ असा शेरा त्यांच्या पोथीवर कुणी मारला असता, तर मराठी घरांत गुरुवारी काय वाचलं गेलं असतं? बिदरच्या बहमनी राजघराण्यातला म्हणून परंपरा ज्याला ओळखते, तो शहा मुंतोजी मृत्युंजय या नावानं मराठीत अध्यात्म लिहून गेला. हुमनाबादच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात सकलमत संप्रदाय उभा केला आणि पदं रचली ती मराठीत, कन्नडात, हिंदी-उर्दूत, ज्या वेळी जी भाषा ओठांवर आली तीत. अष्टूरला अहमदशाह वली बहमनीची कबर आहे. तिथल्या उरुसाला कलबुर्गीकडच्या गावातून एक जंगम पायी येतो, त्याच्या हातून उत्सव सुरू होतो आणि नारळ फुटतात. सुलतानाला तिथं काही भाविक अल्लमप्रभू म्हणून हात जोडतात.

नौबादचा कारेझही तसाच. जमिनीखालून पाणी वाहून नेण्याची ही विद्या इराणची, पण ज्या जांभ्या खडकात ती पंधराव्या शतकाच्या आसपास कोरली गेली तो बिदरचा, आणि कोरणाऱ्यांचे हात दोन्हीकडचे असणार. आमच्याकडं तिला सुरंग बावी म्हणतात. ओळीनं उभ्या असलेल्या तिच्या विवरांत लहानपणी आम्ही खडे टाकायचो आणि खाली पाणी वाजतंय का ऐकायचो. बिदरीतली तार बसवायची रीत बाहेरून आली, किल्ल्यातली माती इथली होती. बोली दखनीत ‘नको’ मराठीतून शिरलं आणि आता ते दखनीचंच झालंय. या मुलखात जे जे नवीन जन्मलं, ते शुद्धतेची चौकशी न करता आलेल्याला घरात घेणाऱ्यांच्या हातून जन्मलं.

ती चौकशी सुरू झाली तेव्हा काय झालं, हेही बिदरनंच पाहिलं. महमूद गवान इराणच्या गिलान भागातून आला. बहमनींचा वजीर म्हणून त्यानं राज्य वाढवलं आणि १४७२ मध्ये बिदरमध्ये मदरसा बांधला. निळ्या चकाकत्या फरश्यांचा त्याचा उरलेला मिनार आजही ओळख सांगतो. पण दरबारात दोन तट पडले होते. दखनी म्हणजे इथले, आणि आफाकी म्हणजे बाहेरचे. अस्सल कोण, या भांडणात गवानच्या नावानं खोटं पत्र तयार झालं आणि १४८१ च्या एप्रिलमध्ये सुलतानानं त्याचा शिरच्छेद करवला. पुढं काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले. गवानबरोबर काय गेलं याचा हिशोब मी करतो तेव्हा मला तो मदरसा दिसतो, जिथं दूरदेशीचे पंडित येऊन राहात होते. जो स्वतःला ‘अस्सल’ ठरवण्यात दिवस घालवतो त्याच्याकडं मग कुणी पाहुणा येत नाही.

आमच्या पिढीवर त्या भांडणाची सावली दुसऱ्या तऱ्हेनं पडली. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठी आणि कन्नड दोन्ही घरात बोलायच्या भाषा राहिल्या, शाळेत त्यांना खालची पायरी. धारवाडला तसं झालं नाही. तिथं मराठी घरात जन्मलेल्या द. रा. बेंद्र्यांनी कन्नडात कविता लिहिली आणि १९७३ चा ज्ञानपीठ मिळवला, जी. ए. कुलकर्णींनी त्याच गावात बसून मराठी कथा लिहिली. धारवाडची माणसं आमच्यापेक्षा हुशार होती असं मी मानणार नाही. त्यांना आपली भाषा चारचौघांत वापरायची लाज कुणी शिकवली नव्हती.

नंतर सीमेचा प्रश्न आला. महाजन आयोगानं १९६७ मध्ये अहवाल दिला, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्यांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या त्यांच्यापुढं माझी मान झुकलेली आहे. पण मनाला एक सल आहे, तो बोलून दाखवतो. खटल्यातल्या घराला कुणी रंग देत नाही. निकाल लागेल, मग बघू, असं म्हणत गळक्या छपराखाली दोन पिढ्या काढतात. आम्ही मराठी लिहिणारे स्वतःला तशा घरातले समजू लागलो. आपलं खरं गाव पलीकडं, आपली खरी भाषा पलीकडं, आपला खरा वाचक पलीकडं. इथं आपण नुसते थांबलेले. थांबलेला माणूस तक्रार छान लिहितो, अर्ज छान लिहितो. कथा लिहायला त्याला बसलेल्या जागी बसावं लागतं.

आता येळवसचंच पाहा. मार्गशीर्ष अमावस्येला लातूरपासून कलबुर्गीपर्यंत सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे होतात. कन्नडात तिला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. मराठी जिभेवर तिचं येळवस झालं आणि पंचांगवाल्यांनी पुढं ‘वेळा अमावस्या’ असं सोवळं नाव तिला नेसवलं. शेताला फेरी मारताना जे म्हणतात, त्यातले शब्द म्हणणाऱ्या बऱ्याच मराठी शेतकऱ्यांना लागत नाहीत, कारण ते कन्नडातून घासत आले आहेत. तरी म्हणताना आवाज खणखणीत असतो. तीन भाषा जिभेवर खेळवणारा हा समाज कागदापाशी आला की मुका का होतो?

या वर्षीच्या १७ सप्टेंबरच्या निमित्तानं मुलांकडून निबंध मागवले होते, विषय ‘माझ्या गावचा सण’. सातवीतल्या एका मुलीची वही माझ्यापुढं आहे. अक्षर टपोरं. पहिल्या ओळीत तिनं ‘येळवस’ लिहिलं होतं. मग कुणी न सांगताच, स्वतःच्या हातानं, त्यावर बारीक आडवी रेघ मारली आणि वर नीट अक्षरात ‘वेळा अमावस्या’ असं लिहिलं. खालच्या साऱ्या मजकुरात आंबिलीला चव नाही, कोपीत ऊब नाही. अमावस्या हा शब्द आला की मुलगी शाळेत उभी असल्यासारखी ताठ लिहिते. शेवटी मात्र एका ठिकाणी ती विसरली. आजी शेतात हाक मारते, ‘काय करूलालीस गं, उंडे थंड व्हलालेत,’ असं वाक्य तिच्या हातून निसटून गेलं आहे. ते खोडायचं राहून गेलं.

मी तिला बोलावून विचारलं, वरचा शब्द का खोडलास? ती म्हणाली, ‘तो लिहायचा नसतोय न.’

वही तिला परत दिली आहे. पुन्हा लिहून आण, आजीपासून सुरुवात कर, इतकंच सांगितलं. ती उद्या येणार आहे.